क्लोजर किंमत पकडते की व्हेरिएबल?

एखाद्या फंक्शनच्या आत दुसरे फंक्शन लिहिले, आतल्या फंक्शनने बाहेरच्या फंक्शनचे व्हेरिएबल वापरले आणि मग बाहेरचे फंक्शन संपून गेले, तर त्या व्हेरिएबलचे काय होते? या एका प्रश्नाला निरनिराळ्या प्रोग्रामिंग भाषांनी दिलेली उत्तरे शेजारी शेजारी ठेवून पाहणे हा माझ्या विशेष आवडीचा अभ्यास आहे. अशा आतल्या फंक्शनला क्लोजर म्हणतात, आणि ते शिकवताना 'फंक्शन आपल्या भोवतालची व्हेरिएबल्स लक्षात ठेवते' एवढ्या वाक्यावर सहसा भागवले जाते. ते वाक्य चूक नाही, पण अपुरे आहे. कारण लक्षात ठेवणे म्हणजे त्या क्षणी व्हेरिएबलमध्ये असलेली किंमत उतरवून घेणे, की ते व्हेरिएबलच हाताशी ठेवणे, हे त्यातून कळत नाही. या संदिग्धतेमुळे एक गैरसमज वर्षानुवर्षे टिकून राहिला आहे. लूपमध्ये तयार केलेली सगळी फंक्शन्स एकच उत्तर देतात, ही क्लोजरविषयीची सर्वांत जुनी तक्रार आहे, आणि माझ्या मते तिचा दोष क्लोजरचा नाही. तो लूपचा आहे.

आधी किंमत आणि व्हेरिएबल यांतला फरक एका छोट्या उदाहरणावर पाहू. जावास्क्रिप्टमध्ये 'मोजणी' नावाचे एक फंक्शन आहे असे समजा. त्यात 'एकूण' हे व्हेरिएबल शून्यापासून सुरू होते, आणि ते फंक्शन दोन लहान फंक्शन्स परत देते: पहिले 'एकूण' एकाने वाढवते आणि दुसरे 'एकूण' किती झाले ते सांगते. पहिले तीनदा चालवून मग दुसरे चालवले, तर उत्तर 3 येते. दोघांनीही जन्माच्या वेळची किंमत आपापल्यापुरती उतरवून घेतली असती, तर दुसऱ्याने कायम 0 हेच उत्तर दिले असते. म्हणजे दोघांकडे मिळून एकच व्हेरिएबल आहे, आणि 'मोजणी' संपली तरी ते जिवंत आहे. 'मोजणी' पुन्हा चालवली, तर मात्र नवे 'एकूण' तयार होते आणि नव्या जोडीचा जुन्या जोडीशी काहीही संबंध राहत नाही. थोडक्यात, व्हेरिएबल्स किती आहेत हे कोडमध्ये ते नाव किती ठिकाणी लिहिले आहे यावर ठरत नाही. ते ज्या स्कोपमध्ये (कोडच्या ज्या भागात ते नाव वापरता येते त्यात) घोषित केले आहे, त्या स्कोपमध्ये प्रोग्राम किती वेळा शिरला यावर ठरते. लूपच्या प्रश्नाची किल्ली याच नियमात आहे.

हा नियम आज स्वाभाविक वाटतो, पण सुरुवातीला तो नव्हता. जॉन मॅकार्थी यांच्या मूळ लिस्प भाषेत, फंक्शनमध्ये वापरलेले परके नाव कोणत्या व्हेरिएबलचे, हे ते फंक्शन कुठे लिहिले आहे यावरून ठरत नसे. ते चालताना त्या नावाचे सर्वांत अलीकडचे व्हेरिएबल कोणते आहे, यावरून ठरे. यालाच डायनॅमिक स्कोप म्हणतात. जेम्स स्लेगल यांनी एक फंक्शन लिहिले, त्यात दुसऱ्या फंक्शनला द्यायची फंक्शन्स होती, आणि ते अपेक्षेप्रमाणे चालेना. लिस्पचा इतिहास सांगताना मॅकार्थी यांनी नमूद केले आहे की त्यांना ती एक साधी बग वाटली होती आणि त्यांचे सहकारी स्टीव्ह रसेल ती लवकरच दुरुस्त करतील अशी त्यांची खात्री होती. रसेल यांनी दुरुस्ती केली खरी, पण ती बग दुरुस्त करण्यापेक्षा फार मोठी गोष्ट होती. 'फनार्ग' नावाच्या त्यांच्या युक्तीत फंक्शन दुसरीकडे पाठवताना, ते जिथे तयार झाले तिथला परिसरही, म्हणजे तिथली व्हेरिएबल्स, सोबत पाठवला जाई. 1964 मध्ये पीटर लँडिन यांनी कोड आणि परिसर यांच्या जोडीला क्लोजर हे नाव दिले. 1970 मध्ये एमआयटीतल्या जोएल मोझेस यांनी एका टिपणात असा आग्रह धरला की या समस्येला फंक्शनची समस्या न म्हणता परिसराची समस्या म्हणावे. मला हा आग्रह आजही अचूक वाटतो. त्यानंतर 1975 मध्ये जेराल्ड ससमन आणि गाय स्टील यांनी स्कीम भाषेत लेक्सिकल स्कोप पायाभूत मानला, आणि नाव कुठे लिहिले आहे यावरून त्याचा अर्थ लावण्याची ही पद्धत पुढे बहुतेक भाषांनी स्वीकारली. इमॅक्स लिस्पला मात्र ती 2012 मधल्या 24 व्या आवृत्तीत मिळाली.

नियम ठरला तरी अंमलबजावणीची अडचण होतीच. फंक्शनची स्थानिक व्हेरिएबल्स साधारणपणे स्टॅकवर, म्हणजे चालू फंक्शन्ससाठी राखलेल्या मेमरीत, राहतात, आणि फंक्शन संपले की स्टॅकवरची त्याची जागा पुढच्या फंक्शनला मिळते. पास्कलमध्ये प्रोसिजरच्या आत प्रोसिजर लिहिता येई आणि ती दुसऱ्या प्रोसिजरला देताही येई, कारण तोपर्यंत बाहेरची प्रोसिजर संपलेली नसे आणि तिची व्हेरिएबल्स स्टॅकवर जागेवरच असत. पण आतली प्रोसिजर परत देण्याची सोय तिथे नव्हती. खरा पेच परत देण्यातच आहे. फंक्शन आपल्या परिसरापेक्षा जास्त काळ जगणार असेल, तर त्या परिसराला स्टॅकवर ठेवून चालत नाही. सगळीच व्हेरिएबल्स हीपवर, म्हणजे फंक्शन संपल्यावरही टिकणाऱ्या मेमरीत, ठेवली तर प्रश्न सुटतो, पण ज्या व्हेरिएबल्सना कोणतेही क्लोजर हात लावणार नाही, त्यांच्यासाठीही तो खर्च विनाकारण होतो.

यावर लुआने काढलेला मार्ग मला सर्वांत देखणा वाटतो. ब्राझीलमधल्या रिओ दी जानेरोच्या कॅथलिक विद्यापीठात तयार झालेल्या या भाषेने 2003 मधल्या 5.0 आवृत्तीत पूर्ण लेक्सिकल स्कोप आणला. लुआमध्ये क्लोजर व्हेरिएबलपर्यंत थेट पोहोचत नाही. मध्ये 'अपव्हॅल्यू' नावाची एक छोटी नोंद असते. बाहेरचे फंक्शन चालू आहे तोवर ही नोंद स्टॅकवरच्या जागेकडे बोट दाखवते, आणि तिला उघडी अपव्हॅल्यू म्हणतात. व्हेरिएबलचा स्कोप संपण्याच्या क्षणी लुआ स्टॅकवरची किंमत उचलून त्या नोंदीच्या आतच ठेवते आणि बोट स्वतःच्या आतल्या जागेकडे वळवते. आता ती अपव्हॅल्यू बंद झाली. क्लोजरला या स्थलांतराचा पत्ताही लागत नाही, कारण ते आधीही नोंदीमार्फत वाचत होते आणि नंतरही नोंदीमार्फतच वाचते. दोन क्लोजर्सनी एकच व्हेरिएबल पकडले असेल तर दोघांना एकच नोंद मिळावी, म्हणून लुआ उघड्या अपव्हॅल्यूंची एक यादी ठेवते आणि नवी नोंद करण्याआधी त्या यादीत शोधते. 'मोजणी'सारख्या जोडीला एकच व्हेरिएबल मिळते ते या यादीमुळे. खर्चही फक्त पकडल्या गेलेल्या व्हेरिएबल्सचा होतो.

आता लूपकडे येतो. जावास्क्रिप्टमध्ये जुन्या 'व्हार' शब्दाने लूपचे व्हेरिएबल घोषित केले, तीन फेऱ्यांत तीन फंक्शन्स तयार करून एका अ‍ॅरेत ठेवली आणि लूप संपल्यावर ती चालवली, तर 0, 1, 2 ऐवजी 3, 3, 3 मिळते. याचे स्पष्टीकरण 'क्लोजर किंमत उशिरा वाचते' असे दिले जाते, आणि ऐकणाऱ्याला वाटते की क्लोजरने किंमत लवकर वाचली असती तर बरे झाले असते. पण मग 'मोजणी' चाललीच नसती. खरे कारण वेगळे आहे. 'व्हार'ने घोषित केलेले व्हेरिएबल लूपच्या फेरीचे नसते, ते पूर्ण फंक्शनचे असते. फेऱ्या तीन झाल्या तरी व्हेरिएबल एकच तयार झाले, तिन्ही फंक्शन्सनी तेच पकडले, आणि लूप थांबला तेव्हा त्यात 3 होते. क्लोजरने आपले काम चोख केले. लिहिणाऱ्याच्या मनात प्रत्येक फेरीचे वेगळे व्हेरिएबल होते आणि भाषेने ते दिले नाही.

2015 च्या मानकात जावास्क्रिप्टने घोषणेसाठी 'लेट' हा नवा शब्द आणला, तेव्हा हा दोष नेमक्या जागी दुरुस्त झाला. प्रत्येक फेरीच्या शेवटी एक नवे व्हेरिएबल तयार होते, जुन्याची किंमत त्यात उतरवली जाते, आणि वाढवण्याची क्रिया त्या नव्या व्हेरिएबलवर होते. जुने व्हेरिएबल, ज्याने पकडले असेल त्याच्यापाशी, होते तसेच राहते. या क्रमात बारकाईने विचार केलेला दिसतो. फेरी चालू असताना एखाद्या क्लोजरने व्हेरिएबल बदलले, तर तो बदल पुढच्या फेरीत उतरतो, पण फेरी उलटून गेल्यावर केलेला बदल त्या फेरीपुरताच राहतो. क्लोजरचा नियम तसूभरही न बदलता तीन फंक्शन्स आता 0, 1, 2 देतात. दोष लूपचा होता याला यापेक्षा चांगला पुरावा मला ठाऊक नाही.

जावास्क्रिप्टने जुना शब्द तसाच ठेवून नवा आणला. जुन्याच शब्दांचा अर्थ बदलण्याचे धाडस दोन भाषांनी केले. सी-शार्पने 2012 मधल्या पाचव्या आवृत्तीत 'फॉर-ईच' लूपचे व्हेरिएबल प्रत्येक फेरीला नवे केले. साध्या 'फॉर'ला मात्र हात लावला नाही, कारण तिथे व्हेरिएबल एकदाच घोषित करून लिहिणारा स्वतःच ते वाढवत असतो. गोने फेब्रुवारी 2024 मधल्या 1.22 आवृत्तीत दोन्ही प्रकारच्या लूपना नवा नियम लावला. त्याआधी गो लिहिणारे लूपच्या पहिल्याच ओळीत त्याच नावाचे नवे व्हेरिएबल घोषित करून त्यात जुने घालत असत. नवख्याला ही ओळ निरर्थक वाटे, आणि कोणी साफसफाई म्हणून ती काढली तर प्रोग्राम बिघडे. जुने प्रोग्राम अचानक वेगळे वागू नयेत म्हणून मॉड्यूलच्या फाइलमध्ये 1.22 किंवा त्यापुढची आवृत्ती लिहिली असेल तरच नवा नियम लागू होतो. बॅकवर्ड कंपॅटिबिलिटीचे वचन इतक्या गांभीर्याने पाळणाऱ्या भाषेने हा बदल केला, यावरून जुन्या नियमाने किती नुकसान होत असेल याचा अंदाज बांधता येतो.

त्या नुकसानीचे एक उदाहरण सार्वजनिक नोंदीत आहे. लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था वेबसाइट्सना मोफत प्रमाणपत्रे देते आणि तिचे सॉफ्टवेअर गोमध्ये लिहिलेले आहे. प्रमाणपत्र देण्याआधी, त्या डोमेनच्या मालकाने कोणत्या संस्थांना परवानगी दिली आहे याची नोंद तपासावी लागते, आणि आधीची तपासणी जुनी झाली असेल तर ती पुन्हा करावी लागते. 2020 च्या फेब्रुवारीअखेर असे लक्षात आले की एका प्रमाणपत्रात पुन्हा तपासायची अनेक डोमेन्स असली, तर सॉफ्टवेअर त्यांतले एकच डोमेन तितक्या वेळा तपासत होते आणि बाकीची तशीच सोडत होते. कारण होते लूपच्या व्हेरिएबलचा पत्ता घेणे. प्रत्येक फेरीने तोच पत्ता दिला, त्यामुळे सगळे पत्ते एकाच व्हेरिएबलकडे बोट दाखवत होते. 30 लाखांहून अधिक प्रमाणपत्रे या दोषाच्या कक्षेत आली आणि ती रद्द करण्याची घोषणा संस्थेला करावी लागली. या प्रकरणात क्लोजर कुठेही नाही, आणि म्हणूनच ते मला महत्त्वाचे वाटते. क्लोजर बाजूला ठेवले तरी तोच दोष, तसाच उभा राहतो.

व्हेरिएबलऐवजी किंमत पकडणाऱ्या भाषाही आहेत. जावाने 1997 मध्ये 1.1 आवृत्तीत फंक्शनच्या आत निनावी क्लास लिहिण्याची सोय दिली, तेव्हा बाहेरच्या व्हेरिएबलची प्रत घेतली जाई आणि ते व्हेरिएबल 'फायनल' असण्याची सक्ती होती. 2014 मध्ये लॅम्डा (जागच्या जागी लिहायची निनावी फंक्शन्स) आले तेव्हा तो शब्द लिहिण्याची सक्ती गेली, पण व्हेरिएबल प्रत्यक्षात कधी बदलता कामा नये ही अट राहिली. ही अट जाचक आहे अशी तक्रार होते, पण मला ती प्रामाणिक वाटते. जे व्हेरिएबल कधी बदलतच नाही, त्याची प्रत घेतली काय आणि ते स्वतः पकडले काय, प्रोग्रामला फरक दिसू शकत नाही. जावाने प्रश्नाचे उत्तर देण्याऐवजी प्रश्नच उद्भवू दिला नाही. या अटीला वळसा घालण्यासाठी एका घटकाचा अ‍ॅरे करून त्यात किंमत बदलत ठेवण्याची जी सवय आहे, ती मात्र मला पसंत नाही. सामायिक व्हेरिएबल हवेच असेल तर त्याला नाव असलेला क्लास द्यावा.

पीएचपीने 2009 मध्ये 5.3 आवृत्तीत वेगळा मार्ग धरला: कोणती व्हेरिएबल्स पकडायची ती 'यूज' या शब्दापुढे लिहायची. नुसते नाव लिहिले तर किंमत उतरते, आणि नावाआधी & हे चिन्ह लावले तर व्हेरिएबल सामायिक होते. सी प्लस प्लसने 2011 मध्ये हीच निवड चौकटी कंसात मांडली, पण सोबत एकट्या = किंवा एकट्या & चिन्हाने सरसकट सगळे पकडण्याची पळवाटही ठेवली. तिथे गार्बेज कलेक्टर (वापरात नसलेली मेमरी आपोआप मोकळी करणारी यंत्रणा) नाही, त्यामुळे & ने पकडलेले स्थानिक व्हेरिएबल, फंक्शन संपल्यावर, गेलेल्या जागेचा संदर्भ बनते आणि कंपायलर त्याबद्दल गप्प राहू शकतो. = चिन्हही वाटते तितके सुरक्षित नाही. क्लासच्या फंक्शनमध्ये ते ऑब्जेक्टची प्रत घेत नाही, त्याचा पॉइंटर, म्हणजे मेमरीतला पत्ता, तेवढा घेते. ही छुपी पकड 2020 च्या मानकाने कालबाह्य ठरवली. रस्टमध्ये क्लोजर कसे पकडायचे हे कंपायलर वापरावरून ठरवतो, पण क्लोजर परत देऊ पाहिले आणि त्यात स्थानिक व्हेरिएबलचा उसना संदर्भ असला, तर क्लोजर फंक्शनपेक्षा जास्त जगू शकेल असे सांगून तो प्रोग्राम नाकारतो आणि व्हेरिएबलची मालकीच क्लोजरला देणारा 'मूव्ह' हा शब्द लिहिण्याची सूचना करतो. स्टॅकवरच्या जागेचा जो पेच पास्कलने फंक्शन परत देण्याची सोयच न ठेवून टाळला होता, तो रस्टने परवानगीच्या नियमात बसवला.

पकडलेले व्हेरिएबल जिवंत राहते याची दुसरी बाजू मेमरीची आहे. क्रोममधले व्ही-एट इंजिन एका स्कोपमधली पकडली गेलेली सगळी व्हेरिएबल्स एकाच सामायिक ऑब्जेक्टमध्ये ठेवते आणि त्या स्कोपमधली सगळी क्लोजर्स त्याच ऑब्जेक्टला धरून असतात. परिणामी एका क्लोजरने वापरलेला मोठा अ‍ॅरे, ते क्लोजर गेल्यावरही, शेजारच्या दुसऱ्या छोट्या क्लोजरमुळे मेमरीत अडकून राहू शकतो. स्विफ्टमध्ये ऑब्जेक्टने क्लोजरला आणि क्लोजरने त्याच ऑब्जेक्टला धरले की दोघेही सुटत नाहीत. म्हणून तिथे पकडीची यादी लिहून ऑब्जेक्टला 'वीक', म्हणजे त्याची सुटका न अडवणाऱ्या पकडीने, धरावे लागते.

पायथनचे प्रकरण अजून खुले आहे. 2001 मध्ये 2.1 आवृत्तीने आतल्या फंक्शनला बाहेरच्या फंक्शनची व्हेरिएबल्स वाचण्याची पर्यायी सोय दिली आणि त्याच वर्षी 2.2 मध्ये ती कायम झाली. ती बदलण्याची सोय 'नॉनलोकल' या शब्दाने थेट 2008 मध्ये, 3.0 आवृत्तीत आली. पकडलेले व्हेरिएबल इथे 'सेल' नावाच्या ऑब्जेक्टमध्ये राहते, आणि फंक्शनला विचारले तर ते आपल्या सेल्स उघडून दाखवते. विद्यार्थ्यांना हा विषय समजावताना याहून चांगले साधन मला सापडलेले नाही. लूपचे व्हेरिएबल मात्र प्रत्येक फेरीत तेच राहते, त्यामुळे 0 ते 2 या लूपमध्ये तयार केलेले तिन्ही लॅम्डा 2 हेच उत्तर देतात. जावास्क्रिप्टची दुरुस्ती इथे सहज बसणार नाही, कारण पायथनमध्ये व्हेरिएबल घोषित करण्याची वेगळी क्रियाच नाही आणि लूपचे व्हेरिएबल लूप संपल्यावरही वापरता येते. लूपमध्ये काही शोधायचे, सापडले की 'ब्रेक' करायचे आणि मग तेच व्हेरिएबल खाली वापरायचे, असे कितीतरी चालू प्रोग्राम लिहिलेले आहेत.

म्हणून पायथनमध्ये लॅम्डाच्या पॅरामीटरची डीफॉल्ट किंमत म्हणून लूपचे व्हेरिएबल देण्याची युक्ती रूढ झाली. डीफॉल्ट किंमत फंक्शन तयार होतानाच ठरते, त्यामुळे हवा तो आकडा पकडला जातो. तरीही मी ही युक्ती कोणाला सुचवत नाही, कारण डीफॉल्ट असले तरी ते बाहेरून भरता येणारे पॅरामीटरच असते. खिडक्या आणि बटणे बनवण्याच्या पाय-क्यूटी लायब्ररीत बटणाच्या 'क्लिक्ड' सिग्नलला असा लॅम्डा जोडला, तर तो सिग्नल बटण दाबलेल्या स्थितीत आहे की नाही हे सांगणारी एक बुलियन किंमत सोबत पाठवतो, ती त्या पॅरामीटरमध्ये जाऊन बसते, आणि तिसऱ्या बटणाला 2 ऐवजी 'फॉल्स' मिळते. त्यापेक्षा फंक्शन तयार करून देणारे एक छोटे वेगळे फंक्शन लिहावे आणि लूपमधून ते आकडा देऊन चालवावे. त्याच्या प्रत्येक चालवण्याला नवा स्कोप मिळतो, आणि आतल्या क्लोजरला त्या फेरीचे स्वतःचे व्हेरिएबल मिळते.